आभासी जगातील ओळखचिन्हे आणि त्यांचे आयुष्य

आभासी जगात व्यक्ती, वस्तू आणि चित्र यांना एकाच साच्याचे ओळखचिन्ह मिळत असले तरी प्रत्येक चिन्हाचे आयुष्य वेगळे असते, आणि ते जाणून न घेता चिन्ह साठवून ठेवणारी स्क्रिप्ट आज चालते व पुढे केव्हातरी निमूट बिघडते, हे या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून मांडावयाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाचा आधार घेतला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅबने ते २००३ मध्ये खुले केले, आणि तेथील दारे, वाहने, दुकाने व खेळ रहिवाशांनीच ‘लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेज’ या भाषेत हलते केले. त्यामुळे संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण न घेतलेल्या असंख्य लोकांना ओळखचिन्हांच्या प्रश्नाला प्रत्यक्ष तोंड द्यावे लागले.

हे चिन्ह म्हणजे ‘युनिव्हर्सली युनिक आयडेंटिफायर’, संक्षेपाने यूयूआयडी. ती १२८ बिटांची संख्या असून ३२ षोडशमान अंकांत, ८-४-४-४-१२ अशा गटांत, मधल्या चार जोडरेषांसह एकूण ३६ चिन्हांत लिहिली जाते. तिच्या यादृच्छिक प्रकारात १२२ बिट स्वैरपणे निवडलेले असतात, म्हणून कोणत्याही मध्यवर्ती नोंदवहीला न विचारता दोन संगणकांनी तयार केलेली चिन्हे जुळण्याची शक्यता व्यवहारात शून्य मानता येते. लिंडेनच्या भाषेत यूयूआयडीसाठी ‘की’ हा स्वतंत्र विदाप्रकार आहे, आणि सर्व अंक शून्य असलेली ‘नल की’ तेथे ‘कोणीही नाही’ असा अर्थ देते.

नावावर विसंबणे सोपे वाटते, पण ते टिकत नाही. नव्याने घडवलेली प्रत्येक वस्तू जन्मतः ‘ऑब्जेक्ट’ याच नावाची असते. २०१० पासून रहिवाशांना बदलता येणारी आणि इतरांच्या नावांशी जुळली तरी चालणारी प्रदर्शननावे मिळाली. २०२० पासून सशुल्क सभासदांना मूळ खातेनावही बदलता येऊ लागले. ज्या दाराच्या स्क्रिप्टने प्रवेशयादीत नावे लिहिली होती, तिच्या लेखी नाव बदललेला भाडेकरू परका ठरतो; जिने ‘की’ लिहिल्या होत्या, तिला हा बदल जाणवतही नाही. मराठी स्क्रिप्टलेखकासाठी आणखी एक अडचण आहे. ‘कऱ्हाडकर’ या नावातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेतांकानेही लिहिता येतो आणि ‘र’पुढे नुक्ता जोडून दोन संकेतांकांनीही. डोळ्याला दोन्ही रूपे सारखी दिसतात, मात्र प्रमाणीकरण न करता तुलना करणारी स्क्रिप्ट त्यांना भिन्न मानते.

असे असले तरी ‘की’ म्हणजे शाश्वत ओळख, हा समज तितकाच घातक आहे. रहिवाशाची ‘की’ खाते असेपर्यंत तीच राहते. वस्तूची ‘की’ मात्र त्या विशिष्ट मांडणीची असते: तीच खुर्ची उचलून सामानसंग्रहात ठेवली आणि पुन्हा मांडली, की तिला नवी ‘की’ मिळते, आणि जुनी लक्षात ठेवणारा नियंत्रक अस्तित्वात नसलेल्या खुर्चीला संदेश पाठवत राहतो. म्हणून एका वस्तूतून दुसरी वस्तू निर्माण करताना, निर्मितीच्या घटनेत मिळणारी ‘की’ त्याच क्षणी टिपून घेणे आणि मांडणी बदलताच ओळख नव्याने करून देणे, हाच शहाणा मार्ग होय. चित्र, ध्वनी किंवा टिपणपत्र यांची ‘की’ तिसऱ्या प्रकारची, म्हणजे आशयाची असते. टिपणपत्र संपादित करून जतन केले, की आशय नवा म्हणून ‘की’ही नवी. या गुणाचा जाणकार स्क्रिप्टलेखक सुंदर उपयोग करतात: टिपणपत्राची आधीची ‘की’ जपून ठेवायची आणि ती बदललेली दिसली तरच ते पुन्हा वाचायचे, कारण ओळीओळीने होणारे वाचन संथ असते.

मालकाच्या ‘की’बाबत होणारी चूक सर्वांत जुनी आणि आजही सर्रास आढळणारी आहे. स्क्रिप्ट सुरू होताना मालकाची ‘की’ चलात साठवली जाते, वस्तू विकली जाते, आणि नव्या मालकाच्या घरातले दार जुन्या मालकाची आज्ञा पाळत राहते. मालकबदलाची घटना ऐकून स्क्रिप्ट पुन्हा प्रारंभापासून चालवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे, आणि तो टाळण्याला कोणतेही समर्थन नाही.

‘की’ हे गुपितही नव्हे. कोणत्याही रहिवाशाची ‘की’ कोणालाही वाचता येते, त्यामुळे संदेशाच्या मजकुरात लिहून आलेली ‘की’ प्रेषकाचा पुरावा ठरत नाही. पुरावा ठरते ती संदेश ऐकण्याच्या घटनेत सिम्युलेटर, म्हणजे त्या प्रदेशाचा सर्व्हर, स्वतः पुरवतो ती ‘की’. चित्रांच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागते, कारण चित्राची ‘की’ कळलेल्याला ते चित्र आपल्या वस्तूवर लावता येते. म्हणूनच वस्तूवर पूर्ण अधिकार नसलेल्या मालकाच्या स्क्रिप्टने चित्राची ‘की’ मागितली, तर भाषा ‘नल की’ परत करते. बाह्य सर्व्हरशी एचटीटीपीने बोलताना सिम्युलेटरची ही राखण सुटते. विनंतीच्या शीर्षभागात मालकाची ‘की’ आपोआप जाते, पण तसाच शीर्षभाग आभासी जगाबाहेरून कोणालाही रचता येतो. तेव्हा दुकानाचे किंवा बक्षिसांचे हिशेब बाहेर ठेवणाऱ्यांनी प्रत्येक विनंतीसोबत सामायिक गुप्तशब्द आणि मजकूर मिळून काढलेला हॅश, म्हणजे मजकुराचा गणिती ठसा, पाठवावा आणि सर्व्हरने तो तपासल्यावाचून कोणत्याही ‘की’च्या नावे व्यवहार नोंदवू नये.