स्कॉटलंडची चित्रकला आणि टिपूचे चित्र

१७०७ साली स्कॉटलंडची स्वतंत्र संसद गेली. स्वत्व उरले ते चर्च, शाळा, न्यायालये आणि पुढे चित्रे यांत. डेव्हिड विल्की हा खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. १८०४ मध्ये, विशी ओलांडण्यापूर्वीच, त्याने ‘पिटलेसी फेअर’ रंगविले. चर्चमध्ये प्रवचन चालू असता टिपलेले गावकऱ्यांचे चेहरे त्या जत्रेत आहेत. माझ्या मते स्कॉटलंड दिसतो तो इथे!

त्याच विल्कीने १८३९ मध्ये १७९९ चे श्रीरंगपट्टण रंगविले. दिव्याच्या उजेडात स्कॉटिश सेनापती बेअर्ड उभा, खाली शहीद टिपू सुलतान. बेअर्डच्या पायाखाली जाळी आहे. तो पूर्वी जिथे कैदेत होता, त्या अंधारकोठडीची ती खूण. स्वतःचे राज्य गमावलेल्या देशाने साम्राज्याच्या विजयात आपला मान शोधला. हे चित्र बेअर्डच्या विधवेने मुद्दाम काढवून घेतले होते.