पाणी गेलं कुठं?

आज सह्याद्री सोडून थेट ऑस्ट्रिया, डाखश्टाइनचं पठार. जुलैत ओबरट्राउनहून रोपवेनं क्रिपनश्टाइनला, साधारण २१०० मीटरवर पोचलो. सोबत लिटरभर पाणी. म्हटलं, इथं एवढा बर्फ-पाऊस, वाटेत झरा मिळेलच. आपल्या गडांवर टाकं असतंच ना!

इथंच चुकलो. आपला कातळ बेसाल्टचा, त्यात खोदलेल्या टाक्यात पाणी टिकतं. हे पठार चुनखडकाचं. पाणी खडक विरघळवत भेगांतून पोटातल्या गुहांत उतरतं आणि खाली दरीत झरा होऊन निघतं. वर नुसता पांढरा, धारदार, कोरडा दगड.

दुपारी बाटली संपली, वर धुकं. लाल-पांढऱ्या खुणा दिसेनात. याच पठारावर १९५४ च्या ईस्टरला हाइलब्रॉनची १० मुलं आणि ३ शिक्षक हिमवादळात गेले. त्यांच्या आठवणीचा क्रॉस मी तासाभरापूर्वीच पाहिला होता.

शेवटच्या खुणेपाशी बसून राहिलो. पाऊण तासानं धुकं विरलं. पुढं न जाता गुपचूप मागं फिरलो.

तर मित्रांनो, चुनखडकावर जाताना पाणी घरूनच भरून न्या. आणि खूण दिसेना झाली की थांबा. भेटू पुढच्या भागात!