पिचरने किती धावावे?

बेसबॉल आम्ही मैदानावर पाहिलेला नाही. वाचनालयात बसून वाचलेला आहे. त्यात पिचरचे काम चेंडू फेकण्याचे. तोच फलंदाज होऊन बेसवरून बेसवर धावू लागला, तर त्याने जीव तोडून धावावे की अंग राखून? कामचुकारपणाची बाजू आम्ही जन्मात घेतलेली नाही. पण नुकसान कोण सोसतो, हे आम्ही आधी विचारतो.

न्यूयॉर्क यांकीज संघाचा तैवानी पिचर चिएन-मिंग वांग याने २००६ व २००७ साली प्रत्येकी १९ सामने जिंकले. त्याच्या लीगमध्ये १९७३ पासून पिचरच्या जागी दुसराच फलंदाजी करी. १५ जून २००८ रोजी ह्यूस्टनला मात्र, दुसऱ्या लीगच्या नियमाने, त्यालाच बॅट धरावी लागली. तिसऱ्या बेसवरून पुढे धावताना उजवे पाऊल दुखावले. पूर्वीचा वांग पुन्हा दिसला नाही.

गिरणीत बदली कामगारास अनोळखी साच्यावर उभे करीत. बोट गेले की जॉबर म्हणे, 'तुझीच घाई नडली.' आमच्या मते वांगला नडले ते सवय नसलेले काम.

म्हणून बाद होणे निश्चित असेल तेथे पिचरने अंग राखावे. धाव मिळण्यासारखी असेल तेथे सहकाऱ्यांसाठी मनापासून धावावे. पण तसा सराव मालकाने आधी करून द्यावा. ते जमत नसेल तर नियम बदलावा.

तो बदललाही. मार्च २०२२ मध्ये, ९९ दिवसांच्या टाळेबंदीनंतर, खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी करार केला आणि दोन्ही लीगमध्ये पिचरची फलंदाजीची सक्ती गेली. एकट्या वांगच्या धावण्याने हे झाले नसते.