डोंगरांनी धरलेले पाणी
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



दिल्लीच्या नैर्ऋत्येस, जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मानेसर हे गाव आहे. आज ते वाहननिर्मितीचे मोठे केंद्र म्हणून ओळखले जाते. नोकरीनिमित्त देशभरातून तेथे आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही आहेत. मे महिन्याची सुट्टी लागली, गावाकडून आजी-आजोबा आले, की अशा घरांत एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना घेऊन जायचे कोठे? समुद्र दूर, हिमालयाच्या वाटा गर्दीने भरलेल्या आणि दारात लू वाहत असलेली. अशा वेळी घरातील कोणाला तरी दमदमा तलावाची आठवण होते.

गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोहना गावाजवळ, अरवलीच्या कुशीत हा तलाव आहे. काठावर हरियाणा पर्यटन विभागाचे ‘सारस’ नावाचे संकुल आहे. उन्हाळ्यात येथे यायचे तर पहाटेच निघावे लागते. सूर्य डोंगरावर येण्यापूर्वी पाण्यावरून येणारा वारा सुखद असतो. बगळे उथळ पाण्यात स्थिर उभे असतात, खंड्या एखाद्या वाळल्या फांदीवरून सूर मारतो. डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काठावरच्या सावलीत खाल्ली जाते, पन्ह्याची बाटली हातोहात फिरते. दहा वाजेपर्यंत खडक तापू लागतात आणि मंडळी परतीच्या तयारीला लागतात. एवढीच ही सहल. परंतु मुलांच्या मनात ती वर्षभर पुरते.

हा तलाव निसर्गाने आयता दिलेला नाही. पावसाचे पाणी साठविण्यासाठी इंग्रजी अमदानीच्या अखेरीस दगडमातीचा बांध घालण्याचे ठरले आणि १९४७ साली तो उभा राहिला. या भागात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. तेवढ्या पाण्यावर तलावाला उरलेले वर्ष काढायचे असते. म्हणून पावसाळ्यात त्याची पातळी चढते आणि उन्हाळ्यात पात्र आकसते. पाऊस कमी झाला, तर काठ फार आत सरकतो.

सहलीला आलेले आजोबा भंडारा-गोंदियाकडचे असतील, तर त्यांची नजर नावेकडे जाण्याआधी पाळीकडे जाते. पाळ म्हणजे तलावाचा बांध. त्यांच्या मुलखात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले आणि त्यांच्या आधारावर धानाची शेती उभी केली. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पटेल कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो. पाळ कोठे घालावी, सांडवा कोणत्या बाजूला ठेवावा, गाळ केव्हा काढावा, हे ज्ञान त्या गावांत पिढ्यानपिढ्या वाहत आले. १९५० नंतर मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. गावाचा त्यांच्यावरील हात सुटला, तसे अनेक तलाव गाळाने भरत गेले. अशा मुलखातून आलेला माणूस नातवाला विचारतो, “बाळा, या तलावात पाणी येतं कुठून?” नातू आकाशाकडे बोट दाखवतो. आजोबा त्याचा हात धरून ते बोट समोरच्या डोंगरांकडे वळवतात.

या एका हालचालीत तलावाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. अरवली ही जगातील अतिप्राचीन पर्वतरांगांपैकी एक आहे. तिच्या भेगाळलेल्या खडकांत पावसाचे पाणी मुरते. उरलेले ओहोळांवाटे खाली उतरते. उतारावरचे धावडा, पळस, खैर असे वृक्ष माती धरून ठेवतात, म्हणून पाणी सावकाश येते आणि गाळ कमी येतो. तलाव दिसतो तो बांधापाशी. परंतु तो जगतो या उतारांवर.

हे ज्यांना पटत नसेल, त्यांनी येथून ईशान्येस फरीदाबादजवळील बडखल तलावाचा इतिहास पाहावा. तोही अरवलीच्या कुशीतला, बांध घालूनच अडविलेला. दिल्लीकरांच्या दोन पिढ्यांनी तेथे नौकाविहार केला. भोवतालच्या डोंगरांत दगडांच्या खाणी खोल गेल्या, ओहोळांच्या वाटा तुटल्या, भूजलाचा उपसा वाढला. बांध जागच्या जागी राहिला, पण त्याच्यापर्यंत पाणी येईनासे झाले. या शतकाच्या पहिल्या दशकात बडखल कोरडा पडला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००९ साली या भागातील खाणकाम रोखणारे आदेश दिले. मात्र मोडलेले डोंगर आदेशाने परत उभे राहत नाहीत. पुढे शुद्ध केलेले सांडपाणी सोडून हा तलाव पुन्हा भरण्याची योजना हाती घ्यावी लागली. जे काम पाऊस आणि डोंगर विनामूल्य करीत होते, त्यासाठी आता यंत्रे आणि नळ लागतात.

बडखलच्या काठी ज्यांचे बालपण गेले, त्यांना आपल्या मुलांना तेथे नेऊन ‘आम्ही येथे नाव वल्हवत होतो’ असे सांगताना कोरडी, भेगाळलेली जमीन दाखवावी लागली. ही हानी अंदाजपत्रकात मोजली जात नाही. दमदम्याच्या वाट्याला हे येऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून पालकांना विनंती आहे. या उन्हाळ्यात मुलांना तलावावर अवश्य न्यावे. तो दमदमा असो, कोल्हापूरचा रंकाळा असो की महाबळेश्वरचे वेण्णा सरोवर. नावेतून उतरल्यावर त्यांना थोडा वेळ बांधावरून चालवावे. पाणी कोणत्या बाजूने येते, सांडवा कोठे आहे, वरच्या उतारावर झाडे आहेत की इमारती, हे त्यांना स्वतः शोधू द्यावे. शक्य झाल्यास तोच तलाव पावसाळा संपल्यावर पुन्हा दाखवावा आणि उन्हाळ्यातल्या काठाची खूण आता किती पाण्याखाली गेली, ते मोजायला सांगावे. भूगोलाच्या पुस्तकातील ‘पाणलोट क्षेत्र’ हा शब्द त्या दिवसानंतर त्यांना पाठ करावा लागणार नाही. आणि उद्या एखाद्या डोंगरावर यंत्रे चढू लागली, तर खालच्या पाण्याचे काय होईल, हा प्रश्न विचारणारे कोणीतरी त्यांच्यातूनच निघेल.