हँडलवरचे ओझे



या व्यासपीठावर मोठमोठे पंडित बोलून गेले. आमचे शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढची शाळा कारखान्याच्या फाटकाबाहेर भरली. म्हणून आज आम्ही तत्त्वज्ञान सांगणार नाही. हँडलला ओझे लटकवले म्हणजे सायकलीचे काय होते, एवढाच आमचा विषय. दळणाची पिशवी हँडलला अडकवून ज्याने सायकल चालवली असेल, त्याला तो नवा नाही.

या विषयाकडे आम्हाला एका पडलेल्या माणसाने नेले. १९९६ सालची गोष्ट. एका घाऊक दुकानाचा माल पोचवणारा आमचा एक सभासद वळणावर पडला आणि त्याचे मनगट मोडले. मागे कॅरियरवर खोके, हँडलच्या दोन्ही टोकांना भरलेल्या पिशव्या. मालकाचे म्हणणे सरळ होते : रस्ता कोरडा, समोर वाहन नाही, सायकल धड, मग दोष चालवणाराचाच. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यापुढे नुसत्या निष्काळजीपणाची सबब चालत नसे, त्यामुळे पैसे मिळाले. पण 'निष्काळजी' हा शिक्का राहिला. आणि वाईट हे, की तो त्या माणसालाही पटला होता. "भाऊ, माझाच हात हलला असंल," असे तो म्हणाला. आम्हाला ते पटेना.

तेव्हा वाळूने भरलेल्या दोन पिशव्या तशाच अडकवून आम्ही मैदानात सायकल चालवून पाहिली. सरळ आणि जरा वेगात ती ठीक चालते. वेग कमी झाला की हँडल डुलू लागते. वळवू जावे तर आधी हलत नाही, आणि एकदा हलले की आवरत नाही. आम्ही दोनदा पडलो. आमचाही हात हलला म्हणायचा!

असे का व्हावे? सायकल उभी राहते ती स्थिर असते म्हणून नव्हे. ती सारखी पडत असते आणि आपण तिला सारखे सावरत असतो. ती डावीकडे कलली की आपण हँडल किंचित डावीकडे नेतो. चाके पुन्हा अंगाखाली येतात. वेग जितका कमी, तितके हे सावरणे मोठे आणि वारंवार. ओझे नेमके याच कामात आडवे येते, आणि ते तीन प्रकारांनी.

पहिला प्रकार जडपणाचा. हँडलला टांगलेले वजन हँडलबरोबर फिरवावे लागते. दांडीपासून ८ सेंटिमीटरवरचे ओझे २४ सेंटिमीटरवर नेले, तर अंतर तिप्पट होते, पण ते फिरवणे नऊपट जड होते. दुसरा प्रकार झोक्याचा. लोंबती पिशवी हाताच्या मागून येते, आणि हात थांबला तरी ती ढकलत राहते. तिसरा प्रकार जरा बारकाईचा आहे. हँडलची दांडी तिरपी असते. तिची रेषा जमिनीपर्यंत लांबवली तर ती चाक जेथे टेकते त्याच्या साधारण पाच-सात सेंटिमीटर पुढे पडते. म्हणून चालत्या सायकलीचे चाक दांडीमागे ओढले जाते आणि सरळ होऊ पाहते. पण याच रचनेमुळे हँडल वळले की सायकलीचे नाक थोडे खाली येते, आणि नाकावर वजन असेल तर ते हँडलला आणखी वळवते. पुढे भरलेली सायकल भिंतीला टेकवली की मान टाकून कोसळते, ती यामुळेच.

कोणी म्हणेल, मग सगळे मागेच बांधावे. तेही खरे नव्हे. मागे फार झाले की पुढचे चाक हलके पडते आणि चढावर उचलू लागते. प्रश्न पुढे की मागे एवढाच नाही. ओझे कशाला जोडले हा आहे. इंग्लंडात पाववाल्यांच्या आणि खाटकांच्या पोऱ्यांसाठी खास सायकली बनत. पुढचे चाक लहान, त्यावर मोठी टोपली, आणि ती हँडलला नव्हे तर सांगाड्याला जोडलेली. हँडल वळे, माल वळत नसे. पॅरिसमध्ये वर्तमानपत्रांचे गठ्ठे पुढच्या चाकावरच्या रुंद कॅरियरवर जात. ते चाकाबरोबर वळत खरे, पण घट्ट बांधलेले असत, लोंबत नसत.

शास्त्रज्ञांनाही हे यंत्र सोपे गेलेले नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी मुद्दाम न चालवता येणारी सायकल बनवण्याचा खटाटोप केला, आणि फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणावर सारे अवलंबून नाही, असे दाखवले. २०११ साली हॉलंड-अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की तो गुण आणि आम्ही सांगितलेले ते अंतर, दोन्ही काढून टाकले तरी सायकल स्वतःला सावरू शकते. वजन कोठे ठेवले आहे यावरही पुष्कळ ठरते. आमच्या सभासदाचे वजन कोठे ठेवायचे, हे त्याने ठरवले नव्हते.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. ओझे हँडलच्या टोकाला टांगू नका. सांगाड्याला जोडलेली टोपली घ्या. ते न जमल्यास पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, खाली, सारखे आणि करकचून बांधा. पिशवी आऱ्यांत जाणार नाही हे पाहा. आणि जो दुसऱ्याकडून माल वाहून घेतो, त्याने सायकलीबरोबर नीट कॅरियरही द्यावे.

त्या सभासदाला आम्ही मैदानात नेऊन त्याच पिशव्या पुन्हा अडकवून दाखवल्या. आम्ही तिसऱ्यांदा पडलो तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हंजे हात माझा नव्हता हलला!" माणूस पडला की आधी त्याचा हात पाहू नये, त्याच्या हातात काय दिले होते ते पाहावे.