दयाळाला दयाळ कोण म्हणालं?



मार्च लागला की पहाटे पाचच्या सुमाराला समोरच्या गच्चीवरच्या डिश अँटेनावर एक स्वारी येऊन बसते. आकार बुलबुलाएवढा. डोकं, पाठ, छाती काळीभोर, उन्हात निळी झाक मारणारी. पोट पांढरंशुभ्र आणि पंखावर चुन्याचं बोट ओढावं तसा लांब पांढरा पट्टा. दूधवालाही अजून यायचा असतो, रस्त्यावरचे दिवे चालू असतात, आणि याची मैफल रंगलेली असते. लांबलचक शीळ, तिचे चढउतार, मधूनच दुसऱ्या पक्ष्यांच्या बेमालूम नकला. हा दयाळ.

नाव ऐकून वाटेल, पक्षी मोठा कनवाळू असणार. विणीच्या दिवसांत नराच्या हद्दीत दुसरा नर येऊ दे, मग बघा! चोच आभाळाकडे, छाती फुगलेली, शेपटी ताठ उभी, आणि फांदीवर येरझाऱ्या. एवढ्यानं पाहुणा गेला नाही, तर सरळ अंगावर धाव. दयामाया नावाला नाही.

ते नाव मुळात दयेवरून पडलेलंच नाही. हिंदीत याला दहियर किंवा दहियल म्हणतात, बंगालीत दोयेल. आपला दयाळ त्याच भावकीतला. 'दयाळू'शी त्याचं नातं आपल्या कानांनी जोडलं. दोयेल तर बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी. तिथल्या दोन टक्यांच्या नोटेवर पूर्वी तो छापलेला असे आणि ढाका विद्यापीठाच्या परिसरात 'दोयेल चत्वर' नावाचा चौक आहे.

नाव भलतंच ऐकण्यात युरोपातले पंडितही मागे नव्हते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीचे एडवर्ड बल्कली नावाचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी या पक्ष्याचा एक नर लंडनला जेम्स पेटिव्हर यांच्याकडे पाठवला. पेटिव्हर धंद्यानं औषधविक्रेते, पण जगभरच्या प्राण्या-वनस्पतींचे नमुने जमवण्याचा भारी नाद. नमुन्याबरोबर पक्ष्याचं इथलं नावही गेलं: 'सॉलरी'. त्यात 'सौ' आहे, म्हणजे शंभर; शंभर गाणी गाणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. पुढे एलिझर आल्बिन या चित्रकाराकडे बंगालचा दयाळ पोचला आणि 'दहियल'चं इंग्रजीत 'डायल बर्ड' झालं. आता डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हायाँ यांनी ती सूर्यघड्याळाची धरली आणि पक्ष्याला फ्रेंचमध्ये तबकडीचंच नाव देऊन टाकलं!

गंमत इथं संपत नाही. 1758 साली स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसनं या पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना 'सॉलॅरिस' हा शब्द वापरला. लॅटिनमध्ये 'सोलॅरिस' म्हणजे सूर्याचा. त्यामुळे काहींनी तर्क लढवला, की लिनीअसला सूर्यच म्हणायचं होतं, लिहिताना अक्षर चुकलं. सूर्यघड्याळ होतंच साक्षीला. एका चुकीला दुसरीनं जामीन राहावं, तसला हा प्रकार. शेवटी एकोणिसाव्या शतकात एडवर्ड ब्लिथ यांनी हा गुंता सोडवला: 'सॉलॅरिस' म्हणजे मद्रासेहून गेलेलं ते 'सॉलरी'च. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात त्यांनी वीसेक वर्षं काढलेली. दहियल हा शब्द त्यांच्या रोजच्या कानावरचा. कान इथल्या बोलीला सरावलेले असले की काम सोपं होतं, असं मला वाटतं.

आजचं पूर्ण शास्त्रीय नाव कॉप्सिकस सॉलॅरिस. पहिला शब्द ग्रीक, दुसरा आपल्याकडचा. इंग्रजीतला 'मॅगपाय-रॉबिन' मात्र ना मॅगपाय, ना रॉबिन. काळ्या-पांढऱ्या रंगामुळे एक नाव, अंगलटीमुळे दुसरं. बरीच वर्षं त्याला कस्तुराच्या कुळात धरत. आता तो माशीमारांच्या कुळात गेला आहे.

आणि मादी? नर जिथं काळा, तिथं ती राखी. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, जुना पाइप, कुठंही गवतकाड्यांचं घरटं होतं. अंडी चार-पाच. उबवण्याचं काम तिचं; नर पहारा देतो आणि गातो. पिल्लांना भरवायला मात्र दोघंही असतात.

शंभर गाण्यांची ही कीर्ती त्याला महागातही पडली. आग्नेय आशियात गाण्यासाठी त्याला पिंजऱ्यात कोंडायची जुनी हौस आहे. सिंगापुरात तर तो जवळजवळ दिसेनासा झाला होता, त्यात या पकडापकडीचाही वाटा होता. आपल्याकडे असे पक्षी पकडायला आणि पिंजऱ्यात ठेवायला 1972च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.

तेव्हा ऐकायचा तर फुकट, मोकळ्या हवेत, आणि जुलैच्या आत. पुढे विणीचा हंगाम ओसरला की हाच गवई कुंपणाखाली किडे टिपत फिरतो. तोंडून फार तर एखादी बारीक 'स्वी-ई' निघते. गाण्यावरून ओळखायची सोय तेव्हा उरत नाही; पंखावरचा पांढरा पट्टा आणि उभी शेपटी बघा.