कान वाजतो? मग जबडाही तपासा!

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य कार्यक्रमात केलेले भाषण)



दातांचा डॉक्टर कानावर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. हसा, पण ऐका! पंचवीस वर्षांत आपण एकमेकांची सुखदुःखं वाटून घेतली. पण एक दुखणं असं आहे, जे शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येत नाही. रात्री पाण्याचा पंप बंद, लिफ्ट थांबलेली, सगळीकडे शांत. आणि एखाद्याच्या कानात मात्र रातकिडे किरकिरत असतात. याला कर्णनाद किंवा टिनिटस म्हणतात. झोप उडते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." तसं नाही. त्या माणसाला आवाज खरंच ऐकू येत असतो.

वाढतं वय, मोठे आवाज, कानातला मळ, काही औषधं अशी याची कारणं आहेत. म्हणून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, ऐकण्याची तपासणी करून घ्या. पण कधी कधी कान ठीक निघतो आणि आवाज तसाच राहतो. तेव्हा जबड्याकडे बघायला हवं.

आता सगळ्यांनी कानाच्या जरा पुढे बोटं ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटांखाली हलतो तो जबड्याचा सांधा. कानाला अगदी लागून आहे ना? 1934 साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी हा संबंध मांडला. दाढा पडल्या की जबडा मागे सरकून कानाच्या भागावर दाबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दाबाचं ते स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही, संबंध मात्र टिकला. चावण्याचे स्नायू आणि कानाच्या पडद्याला ताण देणारा छोटा स्नायू एकाच मज्जातंतूच्या शाखांवर चालतात. शिवाय मेंदूतल्या ऐकण्याच्या केंद्रात जबड्याकडचे संदेशही पोचतात. आपल्या इंटरकॉमवर कधी क्रॉस कनेक्शन होतं ना, तसंच काहीसं समजा.

दात आवळले किंवा जबडा पुढे काढला की आवाज बदलतो का? सकाळी जबडा आखडलेला असतो का? तोंड उघडताना 'कट्' वाजतं, कानशिलं दुखतात, झोपेत दात खाता? यावरून लगेच निदान होत नाही, पण डॉक्टरांना हे जरूर सांगा.

उपाय साधे आहेत. एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे ठेवा. दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना, एवढंच. सुपारी, च्युइंगगम, चिक्की बंद करा. काही दिवस मऊ खा, जबड्याला कोमट शेक द्या. एक दाढ नाही म्हणून वर्षानुवर्षं एकाच बाजूने चावत असाल, तर दाखवून घ्या. झोपेत दात खाणाऱ्यांना रात्री लावायचं गार्ड मिळतं. मात्र कान वाजतो म्हणून घाईने दात घासून घेऊ नका. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

खरं सांगायचं तर सगळ्यांचा आवाज जात नाही. काहींचा कमी होतो, काहींना श्रवणयंत्राचा किंवा झोपताना हलक्या आवाजात लावलेल्या संगीताचा आधार लागतो.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण तिथे दिवस मोलाचे असतात. चेहरा वाकडा झाला, तर तडक हॉस्पिटल. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तरी अंगावर काढू नका.

आणि तरुण मंडळींना एक विनंती. आजी-आजोबा "कान वाजतोय" म्हणाले, तर "वय झालं" म्हणून विषय संपवू नका. जवळ बसा आणि विचारा, "चावताना दुखतं का? झोप लागते का?" तेवढ्याने निम्मी तपासणी घरीच होते.